पंख्यातलं भूत भोंग्यात

तिसरा ठोका बसला आणि गाडीने श्वास घेतला.

"घेतला रे, घेतला!" म्हणत भवरीच्या घाटमाथ्यावर जमलेली चाळीस-पन्नास माणसं एकदम पुढे सरकली. वाफ ओकणाऱ्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट वर केलेलं होतं. त्यावर भगवं कापड पांघरलं होतं, आणि कापडाखाली हात घालून चिमटे महाराज लोखंडी चिमट्याने आत ठोके देत होते. पहिले दोन ठोके वाया गेले. तिसऱ्याला आतून घर्रऽ असा आवाज उठला, कापड फडफडलं आणि बाजूला उभ्या असलेल्यांच्या तोंडावर गरम वारा आला. एका म्हातारीने तो वारा ओंजळीत धरला आणि नातवाच्या डोक्यावरून उतरवून टाकला. वाऱ्याचं तीर्थ करणारी ती पहिलीच बाई असावी.

"देखो, निकल रहा है!" महाराज गरजले. "फूं फूं करके निकल रहा है! सात जनम का भूखा प्रेत था!"

महाराजांच्या अंगात देव असला की ते हिंदीत बोलत. भूक लागली की वऱ्हाडीवर येत. देवाला वऱ्हाडी का येत नाही, हे विचारण्याची त्या घाटात कुणाची छाती नव्हती.

ड्रायव्हरच्या जागेवर अमर घामाघूम होऊन बसला होता. महाराजांची त्याला दर वेळी एकच ताकीद असे, "बेटा, चाबी आधी घुमा के रख. गाडी की आँख खुली रहने दे." त्याचे वडील नानाजी हात जोडून बॉनेटसमोर उभे होते. आणि अमरची दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको, प्रेरणा, हिला वीस पावलांवर पळसाखाली उभं केलं होतं. तिची सावली गाडीवर पडू नये, असा महाराजांचा हुकूम होता. पळसाखाली उभ्या असलेल्या प्रेरणाला मात्र एकच प्रश्न टोचत होता. भूत काढायला चावी अर्धी फिरवून कशाला ठेवावी लागते?

भूत निघालं, नारळ फुटला, आणि महाराजांनी निकाल दिला. निकाल ऐकू यावा म्हणून ते आपणहून वऱ्हाडीवर आले.

"नानाजी, प्रेत गाडीत नाही. प्रेत बोलावून आणलं जाते. ही तुमची सून बसली का गाडी तापते. नसली का नाही तापत. खरं का खोटं?"

"खरं आहे जी," नानाजी खाली बघत म्हणाले.

"पायगुण आहे तो. सव्वा महिना पोरीले माहेरी ठेवा. गाडी तेवढे दिवस माह्या इथल्या मठीत राहू द्या. येत्या मंगळवारी आणून द्या. दोघंही शुद्ध होतीन."

गर्दीने मान डोलावली. गर्दीला मान असते ती त्यासाठीच.

आता ही गाडी आणि हा पायगुण यांची गाठ कशी पडली ते सांगायला हवं. नानाजी फुलसावंगीचे. कापूस, सोयाबीन, तुरीची चांगली जमीन. गेल्या माघात मुलाचं लग्न ठरलं आणि नानाजींच्या मनाने घेतलं की वरात आपल्या गाडीतून यावी. घरातले सगळे नको नको म्हणत असताना त्यांनी पुसदच्या एका डॉक्टरची वीस वर्षं वापरलेली गाडी आणली. "डॉक्टरची गाडी आहे, तिले काय रोग होते!" हे त्यांचं वाक्य गावात पाठ झालं होतं. सून आणि गाडी एकाच आठवड्यात अंगणात आल्या. पुढे गाडी उकळली तेव्हा दोघींपैकी कुणात तरी खोट निघणार हे ठरलेलंच होतं. गाडी नानाजींनी निवडली होती. सुनेला अमरने पसंत केलं होतं. खोट कुठे निघाली ते उघड आहे.

तसं बघितलं तर लोक खोटं बोलत नव्हते. प्रेरणा गाडीत तीनदा बसली आणि तिन्ही वेळा गाडी उकळली. तिच्याशिवाय अमर महागावला, उमरखेडला दहा फेऱ्या मारून आला, उष्णतेच्या काट्याला कंप नाही. गावातला गाडीदुरुस्तीवाला रामसिंग तांड्यावरून दोनदा येऊन गेला. तो आला की गाडी थंड, पाणी पुरेसं, सगळं ठीक. दवाखान्याच्या दारात पोराचा ताप उतरावा तशी गत. रामसिंग सरळ माणूस, त्याने हात झाडून सांगितलं, "मले तर काहीच सापडलं नाही, नानाजी." त्याच्या या प्रामाणिकपणाचंच गावाने भूत केलं. मिस्त्रीला सापडलं नाही म्हणजे मिस्त्रीच्या वरचं काहीतरी आहे!

त्या संध्याकाळी घरात जेवणं झाली, भांडी घासून झाली. शेवटी नानाजी म्हणाले, "गुरुवारी तुह्या बहिणीचा, अर्पिताचा साखरपुडा आहेच. तू बुधवारी बसनं पांढरकवड्याले जाय. कपड्याची पेटी घेऊन जाय. सव्वा महिन्यानं पाहू."

"पेटी घेऊन?" प्रेरणाने विचारलं.

नानाजींनी सुपारी कातरायला घेतली. नवी सून दोन महिन्यांत एकटी, पेटी घेऊन, बसने माहेरी उतरली की त्याचा अर्थ पांढरकवड्याच्या बसस्टँडवरचा भेळवालाही सांगू शकतो. तोही बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी! व्याही विचारतील, थोरली कशाला परत आली? काय सांगायचं, गाडी तापली म्हणून?

तिने अमरकडे पाहिलं. अमर वाईट मुलगा नव्हता, फक्त बापापुढे त्याचा आवाज बसायचा. तो म्हणाला, "सव्वा महिनाच तर आहे." प्रेरणाला इतका राग आला की रडूही आलं नाही.

रडली नाही ते बरंच झालं. राग असला की माणूस विचार करतो. प्रेरणा बी.एस्सी. झालेली होती, पण तिची खरी शाळा म्हणजे तिच्या वडिलांचं, गोविंदाचं, हायवेवरचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान. कॉलेजातून आली की ती तिथे स्टुलावर बसून तारा सोलून द्यायची. तिन्ही प्रसंग तिने पुन्हा डोळ्यासमोर आणले. ती गाडीत बसायची ती माहेरी जाताना. माहेरची वाट भवरीच्या घाटातून जायची. महागाव-उमरखेडची वाट सपाट होती. मग गाडी तिच्यामुळे तापत होती की घाटामुळे? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, आणि गाव कावळ्याला मारायला निघालं!

सकाळी नानाजी आणि अमर शेतावर गेले. प्रेरणाने किल्ली घेतली, गाडी अंगणातच सुरू केली आणि तशीच उभी ठेवली. काट्याकडे बघत बसली.

सासूबाई, लीलाबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय करून राह्यली व? तुले गाडीत बसू नको म्हणलं ना?"

"आई, आज गाडी घाटात नाही गेली. अंगणातच उभी आहे. आता पाहू, ती मले पाहून तापते का वारा नसला म्हणून तापते."

लीलाबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या बाज ओढून जवळ बसल्या.

वीसेक मिनिटांत काटा वर चढू लागला. प्रेरणाने बॉनेट उघडलं. "आई, हे पुढं जाळीवाणी दिसते ना, त्यात पाणी फिरते. गाडी जोरात पळते तवा समोरचा वारा त्याले थंड करते. हळू चालली का उभी राह्यली का वारा मिळत नाही. मग हा पंखा फिरला पाह्यजे. फिरून राह्यला का?"

"नाही व. ठम्म उभा आहे."

बॅटरीशेजारी एक काळी पेटी होती. प्रेरणाने तिचं झाकण काढून उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक चित्रं छापलेली होती. एका चौकोनात पंखा, एका चौकोनात भोंगा. ज्या रहस्यासाठी तीन नारळ फुटले ते कारखान्याने वीस वर्षांपूर्वीच चित्र काढून सांगून ठेवलं होतं. फक्त कुणी झाकण उलटं केलं नव्हतं.

पंख्याच्या चौकोनाखाली काडेपेटीहून लहान काळा ठोकळा होता. तिने त्यावर बोट ठेवलं. आत बारीक टक् झालं. पंखा मात्र हलला नाही. तिने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकळ्यावर एक टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, आणि घर्रऽ!

लीलाबाई बाजेवरून उठूनच उभ्या राहिल्या. "अगं माय! हा तर महाराजाचा ठोका!"

प्रेरणाने वडिलांना फोन लावला. गोविंदाच्या मागे ट्रकचे भोंगे वाजत होते. "ठोकल्यावर चालते? आन् टक् आवाज येते?" त्यांनी विचारलं. "मग रिले गेला, बाई, तोच तो ठोकळा. आतला पॉइंट जळला. शेजारी भोंग्याचा रिले असंन, तसाच असते. अदलाबदल करून पाह्य. आन् जेवली का?"

तिने गाडी बंद केली, दोन्ही ठोकळे उपटले आणि त्यांच्या जागा बदलल्या. गाडी पुन्हा सुरू केली. काटा वर आला आणि पंखा ठोक्यावाचून, नारळावाचून आपला आपण फिरू लागला. मग तिने भोंगा दाबला. भोंगा मुका. गाडीतलं भूत पंख्यातून उठून भोंग्यात जाऊन बसलं होतं.

लीलाबाईंनी पेटीचं झाकण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाल्या, "मी या घरी आली त्या साली तुह्या सासऱ्याचा बैल मेला. साऱ्यायनं म्हणलं, लीलाचा पायगुण. दोन वर्षं मले बैलपोळ्याले कोणी बैल ओवाळू देल्ला नाही."

"बैल कायनं मेला होता, आई?"

"म्हातारा होता व! चवदा वर्षांचा! मले माहीत होतं. साऱ्यायलेच माहीत होतं. पण बोललं कोणी नाही." त्यांनी डोळे पुसले, आणि एकदम कंबर कसल्यासारख्या ताठ झाल्या. "आता हे घरात सांगजो नको. घरात सांगशीन त त्यायले खरं वाटणार नाही. मंगळवारी तिथंच होऊ दे जे होते ते. साऱ्यायनं पाह्यलं पाह्यजे."

मंगळवारी गाडी मठीत सोडायला निघाली. महाराजांचा अंगारा लागावा म्हणून प्रेरणाची कपड्यांची पेटीही डिकीत ठेवली होती. लीलाबाईंनी फर्मान काढलं, "सून माह्या बाजूले बसंन. गाडी द्यायचीच आहे त मग तापू द्या न काय तापायची ते." नानाजी पुढे अमरशेजारी जाऊन बसले. घाट लागला. अमरची नजर काट्यावर, नानाजींची काट्यावर. काटा मध्यावर येऊन उभा राहिला, पंखा फिरला, काटा खाली आला. माथा आला तरी वाफेचं नाव नाही. नानाजी बुचकळ्यात पडले. गाडी सोडायला आणि गाडी बरी व्हायला एकच मुहूर्त!

माथ्यावर मंगळवारची गर्दी होती. महाराजांनी थंड गाडी पाहिली आणि लगेच श्रेय घेतलं, "देखा? आनेवाली है सुनके ही प्रेत काँप गया!"

प्रेरणा खाली उतरली, पदर खोचला आणि वाकून नमस्कार केला. "महाराज, प्रेत गेलं असं नाही वाटत. भोंगा वाजत नाही. पंख्यातून निघून भोंग्यात शिरलं असंन का?"

लोकांमध्ये कुजबुज झाली. महाराजांनी डोळे मिटले. भोंग्यातलं भूत काढणं त्यांना नवीन होतं, पण गर्दी बघत होती. "हाँ," ते म्हणाले, "घर बदलता है कभी कभी. बैठा दो किसी को. भोंपू दबा के रखो."

लीलाबाई आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या आणि दोन्ही हातांनी भोंगा दाबून धरला. काही नाही. महाराज भगव्या कापडाखाली शिरले. एक ठोका. दुसरा ठोका. तिसरा जरा जोरात.

पोंऽऽऽऽऽ!

घाटात चरणाऱ्या शेळ्या चौखूर उधळल्या. गर्दीने "जय!" म्हटलं. महाराज कापडाबाहेर आले, त्यांनी दोन्ही हात वर केले. लीलाबाईंनी भोंगा सोडला.

भोंगा थांबला नाही.

"छोड दो माई!" महाराज म्हणाले.

"सोडला जी कवाचा!" लीलाबाईंनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले.

पोंऽऽऽऽ चालूच. महाराज पुन्हा कापडाखाली गेले. ठोका, ठोका, ठोका. भोंगा आणखी ठसक्यात वाजू लागला. लोकांनी कानावर हात ठेवले. पोरं रडू लागली. म्हाताऱ्या मागे सरकल्या. महाराजांचा देव कधी निघून गेला कळलं नाही, कारण ते वऱ्हाडीत ओरडू लागले होते, "अवं बंद कर न माय! कोणी तरी बंद करा न बाप्पा!"

प्रेरणाने भगवं कापड ओढून बाजूला केलं, पेटीतला काळा ठोकळा दोन बोटांत धरला आणि उपटला.

शांतता. इतकी की खालच्या वळणावरच्या ट्रकचा गिअर बदललेला ऐकू आला.

"हे तुमचं भूत," ती लोकांना म्हणाली आणि ठोकळा तळहातावर घेऊन सगळ्यांसमोर धरला. "याले रिले म्हणतात. महाराज, हा कवा पाह्यला होता का तुम्ही?"

"हम साधू आदमी," महाराज सावरत म्हणाले. "हमको ये लोहा-लक्कड नही मालूम."

"बरं. मग मी लावून देते परत." तिने खालचे पितळी पाय चुकीच्या बाजूला येतील असा ठोकळा मुद्दाम फिरवला आणि आडवा धरून जागेवर दाबायला गेली.

"अवं उलटा नको दाबू!" महाराज झेपावले. "पाय मोडतीन न त्याचे!"

गर्दी एक पाऊल पुढे सरकली.

"तुमाले त माहीत नव्हता ना जी?" कुणीतरी मागून विचारलं.

महाराज चिमट्याकडे बघत खाली बसले. त्यांचं नाव उकंडा होतं. अकरा वर्षं त्यांनी एका वायरिंगच्या दुकानात काढली होती. "दुकानात हेच ठोके देल्ले त गिऱ्हाईक म्हणे, हात हलव लवकर," ते म्हणाले. "इथं पाया पडतात. मी काय करू?" त्यांना कुणी मारलं नाही. मारायला हात उचलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी त्यांच्या हातचा अंगारा कपाळाला लावलेला होता.

प्रेरणाने स्क्रूड्रायव्हरने ठोकळ्याचं टोपण काढलं आणि आतलं दाखवलं. तारेची बारीक गुंडाळी, एक पत्री आणि पत्रीच्या टोकाला जळून कोळसा झालेला ठिपका. "वीज आली का ही पत्री चिकटते आन् पंखा फिरते. ठिपका जळला, म्हणून वीज पुढं जात नाही. ठोकलं का जरा हलते आन् लागते. कधी चिकटूनच बसते, आता बसली तशी. अर्धी चावी याच्याचसाठी पाह्यजे, तेवढ्यानं वीज चालू होते. चावी बंद असती त महाराजाच्या बापानं ठोकलं असतं तरी काही झालं नसतं."

"आन् मग तू बसली का काहून तापे?" गर्दीतून एकाने विचारलं. तेवढा अडसर अजून बाकी होता. "तू नसली का त एकदाही तापली नाही."

"माहेरच्या वाटेवर घाट आहे म्हणून," प्रेरणा म्हणाली. पण लोकांचे चेहरे हलले नाहीत. घाट सगळ्यांना लागतो, पायगुण एकीलाच. तिने रिले उघडून दाखवला, तरी तिचा पाय कसा उघडून दाखवणार होती?

तेव्हा नानाजी पुढे आले. चेहरा उतरला होता.

"तापली होती," ते म्हणाले. "होळीच्या आठ दिवस आधी. पुसदले गेलतो मी. एकटाच. कोणाच्या तरी वरातीत अडकलो, गाडी उभी राह्यली आन् उकळली. तासभर चहाच्या टपरीवर बसून राह्यलो. घरी आलो, सांगितलं नाही. साऱ्यायनं म्हणलं होतं, जुनी गाडी घेऊ नका. मी काय सांगू?" ते सुनेकडे वळले. "पोरगी घरात होती त्या दिवशी. पुरणपोळ्या करत होती. मले माहीत होतं, प्रेरणा. पह्यल्या दिवसापासून माहीत होतं. गाडीची अब्रू वाचवाले मी तुही घालवली."

नानाजींना आयुष्यात इतकं लांब बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. प्रेरणाला रडू आलं ते आत्ता. अमरने तिची कपड्यांची पेटी डिकीतून काढून मागच्या सीटवर ठेवली. का ते त्यालाही सांगता आलं नसतं, पण काहीतरी करावं असं त्याला वाटलं.

रामसिंगने नवा रिले बसवला आणि तासभर प्रेरणाकडून तो जुना उघडून उघडून पाहिला. "थंड गाडी पाहून मी हात झाडले," तो म्हणाला, "तापवून पाह्याले पाह्यजे होती." चुकलं तर चुकलं म्हणणारा मिस्त्री विरळा. गुरुवारी अख्खं घर घाटातून पांढरकवड्याला साखरपुड्याला गेलं. सून पुढे बसली, नानाजी मागे बसले. माथ्यावरची मठी ओस होती.

चमत्कार पाहिला की हात जोडण्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात. हे कधी होतं? कुठे होतं? कधी होत नाही? आणि त्याविरुद्ध घडलेलं कुणी लपवलंय का? हे विचारायला बी.एस्सी. लागत नाही. झाकण उलटं करून बघण्याची तयारी लागते, आणि स्वतःच्या चुकीचं खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं न शोधण्याची. दुसरी तयारी जास्त अवघड आहे. नानाजींनाही ती उशिरा जमली.

वैशाखात शेजारची सुखीबाई लीलाबाईंच्या ओट्यावर बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "आमची सून आली तवापासून म्हैस आटली व. पायगुण म्हणतात ते काही खोटं नसते."

"म्हैस कवा व्याली होती?" लीलाबाईंनी विचारलं.

"झाले असतीन दहा महिने."

"मग म्हैस आटंन नाही त काय करंन?" लीलाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "सुनेच्या पायाकडं कायले पाहून राह्यली? पह्यले रिले पाह्य."